बाळ कुणाच्या हाती, बाई कुणाच्या भरवशावर

सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंच्या एसट्या पुण्यात स्वारगेटला रिकाम्या होतात. जेधे चौकातल्या गर्दीत कुणी बाजारासाठी आलेलं असतं, कुणी दवाखान्यासाठी, कुणी नोकरीसाठी. त्यात काही बायका अशा असतात की त्यांच्याजवळ कपड्यांची एक पिशवी, मोबाइल आणि कुणीतरी दिलेला एक फोन नंबर एवढंच सामान असतं. चोवीस तासांच्या कामाला त्या आलेल्या असतात. मुकुंदनगर, महर्षीनगर, सहकारनगर, सातारा रस्ता अशा कुठल्यातरी पत्त्यावरच्या घरात त्या राहणार असतात, आणि त्या घरातलं तान्हं बाळ दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मांडीवर असणार असतं.

त्या बाईला त्या घरापर्यंत पोचवतो तो ब्युरो. कुणी त्याला केंद्र म्हणतं, कुणी सर्व्हिस, कुणी एजन्सी. कुठे इमारतीच्या जिन्याखालची खोली, कुठे काचेचं ऑफिस, आणि आता कुठे नुसतंच मोबाइलमधलं ॲप. काम एकच: ज्यांना बाई हवी त्यांची आणि जिला काम हवं तिची गाठ घालून देणं. आपण घर घेताना सात-बारापासून सोसायटीच्या नळाच्या पाण्यापर्यंत सगळं तपासतो. बाळ ज्याच्या शब्दावर एका अनोळखी माणसाकडे सोपवायचं त्या ब्युरोची निवड मात्र बहुतेक घरांत दोन फोनांत उरकते.

घाई का होते, हे समजण्यासारखं आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, असंही कायद्यात आलं. पण ऑफिस हिंजवडीला आणि घर पर्वती पायथ्याशी असेल, तर सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन रोज तो प्रवास करायचा कसा? आजी-आजोबा गावी, नाहीतर त्यांचेच गुडघे दुखतात. पाळणाघरात बाळ आजारी पडतं आणि आजारी बाळाला पाळणाघर घेत नाही. रजा संपायला पंधरा दिवस उरलेले असतात. अशा वेळी ब्युरोच्या खुर्चीत बसलेल्या आईच्या तोंडून तीनच प्रश्न निघतात: बाई विश्वासू आहे ना? टिकेल ना? आणि नाही पटली तर बदलून मिळेल ना?

प्रश्न रास्त आहेत. पण या तिन्हींचं खरं उत्तर चौथ्या प्रश्नात आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही: या बाईला तुम्ही कसं सांभाळता? जो ब्युरो बाईची काळजी घेतो, तोच तुमच्या बाळाच्या काळजीची हमी देऊ शकतो. हे मी केवळ चांगुलपणाच्या भावनेतून म्हणत नाही. या धंद्याचा हिशेब नीट मांडला, तर निष्कर्ष हाच निघतो.

पैसा कुठून कुठे जातो

ब्युरो ढोबळमानाने दोन तऱ्हेने चालतात. पहिल्या तऱ्हेत घराकडून एकरकमी कमिशन घेतलं जातं, पगार घराने थेट बाईच्या हातात द्यायचा. ठरावीक मुदतीत बाई सोडून गेली तर ब्युरो दुसरी देतो, त्यालाच ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत घराने दरमहा सगळे पैसे ब्युरोला द्यायचे आणि ब्युरोने त्यातून बाईचा पगार करायचा.

दुसऱ्या तऱ्हेत एक गाठ लपलेली असते. समजा, घरातून महिन्याला २४,००० रुपये जातात आणि बाईच्या हातात १६,००० पडतात. मधल्या ८,००० ची ना घराला कल्पना, ना बाईला. घरातल्यांना वाटतं, एवढा पगार देऊनही हिचं मन कामात नाही. बाईला वाटतं, एवढ्याशा पैशांत ही माणसं रात्रंदिवस राबवून घेतात. मग शेजारच्या बिल्डिंगमधलं कुणीतरी थेट १८,००० देऊ करतं आणि ती पिशवी भरते. घराला वाटतं बाई बेभरवशाची निघाली. तिच्या दृष्टीने तिने दोन हजारांची पगारवाढ घेतलेली असते.

पहिल्या तऱ्हेत गाठ वेगळी आहे. ब्युरोची कमाई नवी बाई लावण्यावर आहे, लावलेली टिकण्यावर नाही. मुदत संपली की नवं कमिशन. अशा व्यवस्थेत बाई वर्षानुवर्षं एका घरात रमावी म्हणून ब्युरोने झटावं, असं काहीच कारण उरत नाही. चांगले ब्युरो तरीही झटतात, कारण त्यांची गिऱ्हाइकं एकमेकांच्या सांगण्यावरून येतात. पण ते त्या चालकाच्या दानतीवर अवलंबून राहतं.

आणखी एक गोष्ट घराला दिसत नाही: उचल. गावात आजारपण असतं, मुलीचं लग्न असतं, सावकाराचं देणं असतं. ब्युरो बाईला आगाऊ रक्कम देतो आणि ती फिटेपर्यंत बाई ब्युरो सांगेल त्या घरी जायला बांधली जाते. काही ठिकाणी तिचं मूळ आधार कार्डही ठेवून घेतलं जातं. कर्जाने बांधलेली बाई ‘टिकते’ खरी, पण आपल्या बाळाला कडेवर घेणारं माणूस नाइलाजाने आपल्या घरात उभं असावं, हे कुठल्या आईला चालेल?

करारात जे नसतं

ब्युरोचा करार साधारण एका पानाचा असतो. वर घरमालकाचं नाव-पत्ता, बाजूला बाईचा फोटो, खाली आधारची झेरॉक्स जोडलेली. मग कलमं. कमिशन परत मिळणार नाही. बदली इतक्या वेळा मिळेल. घरात चोरी वा नुकसान झाल्यास ब्युरो जबाबदार राहणार नाही. ब्युरोला न कळवता बाई परस्पर कामावर ठेवल्यास दंड भरावा लागेल. शेवटी दोन सह्या: एक ब्युरोची, एक तुमची.

तिसरी सही कुठे आहे? जिच्याविषयी हा सगळा कागद आहे, तिची सही बहुतेक वेळा त्यावर नसतेच, आणि कागदाची प्रतही तिच्याजवळ नसते. ती कुठे झोपणार, सलग किती तास झोपणार, आठवड्याची सुट्टी कोणती, ताप आला तर काय, गावी जायचं झालं तर पगार कापणार का, याबद्दल त्या पानावर एक ओळ सापडत नाही.

झोपेचा मुद्दा विशेष लक्ष देण्यासारखा आहे. सहा महिन्यांचं बाळ रात्री दोनला उठतं, पाचला उठतं. आईला सकाळी ऑफिस असतं म्हणून ती जबाबदारी बाईकडे जाते. सकाळी सहाला दूधवाला येतो, साताला डबे, आणि आठ वाजता तीच बाई कोमट पाण्याच्या टबापाशी साबण लावलेलं, हातातून निसटणारं बाळ धरून बसते. रात्रभर तुकड्या-तुकड्यांत झोपलेल्या माणसाच्या हातात आपण त्या क्षणी बाळ दिलेलं असतं. तिच्या झोपेचे तास ठरवून देणं ही मेहेरबानी म्हणून पाहू नये. तो बाळाच्या सुरक्षिततेचा पहिला नियम आहे.

भिंतीवरच्या फ्रेममध्ये लावलेल्या ‘शॉप ॲक्ट’बद्दलही गैरसमज फार. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कमी कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेने धंदा सुरू केल्याची फक्त सूचना द्यायची असते. म्हणजे तो कागद एवढंच सांगतो की इथे एक धंदा चालतो. बायांची निवड कशी होते, त्यांना काय शिकवलं जातं, पैसे कसे वाटले जातात, याची तपासणी त्यामागे नाही. पोलिस पडताळणी जरूर करावी. मात्र तिच्यातून गुन्ह्याची नोंद आहे की नाही एवढं कळतं. घास अडकला तर बाळाला कसं धरायचं हे बाईला ठाऊक आहे का, ते त्यातून कळत नाही.

पुण्याहून जर्मनीला, सोलापूरहून पुण्याला

याच शहरात दुसरीही एक वाट आहे. मॅक्समुल्लर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणाऱ्या मुलींसाठी ‘ओ पेअर’ म्हणून वर्षभर जर्मनीला जायची सोय आहे. एखाद्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, घरकामाला थोडा हात लावायचा, भाषा पक्की करायची. त्यासाठी तिथे नियम आहेत. अर्ज करताना वय २७ च्या आत, भाषेची किमान ‘ए-१’ पातळी. काम दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, आठवड्याला तीस. आठवड्यात दीड दिवस सुट्टी, वर्षाला चार आठवड्यांची पगारी रजा. दरमहा २८० युरो हातखर्च, शिवाय भाषेच्या वर्गासाठी वेगळी मदत. आरोग्य, अपघात यांचा विमा यजमान कुटुंबाने भरायचा. आणि तिला स्वतःची खोली हवी, खिडकी असलेली आणि थंडीत गरम होणारी.

हे नियम एका रात्रीत झाले नाहीत. १९६९ साली स्ट्रासबर्गला युरोप परिषदेचा ओ पेअरविषयक करार झाला. वय १७ ते ३०, काम साधारणपणे दिवसाला पाच तासांपर्यंत, आठवड्यातून किमान एक पूर्ण सुट्टी, आणि सगळं आधी लिहून ठरवायचं, असं त्यात आहे. अमेरिकेत १९८६ पासून हा उपक्रम सरकारी व्हिसावर चालतो आणि फक्त परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या संस्थांनाच मुली पाठवता येतात. तिथला एक नियम आपण उचलण्यासारखा आहे. संस्थेचा स्थानिक समन्वयक यजमान घरापासून तासाभराच्या अंतरात राहणारा असावा लागतो. मुलगी घरात आल्यावर ४८ तासांत त्याने संपर्क साधायचा आणि पुढे दर महिन्याला मुलीशी आणि कुटुंबाशी बोलायचं. घर आणि ती मुलगी यांच्यामध्ये तिसरं माणूस उभं आहे आणि कागदावर सह्या झाल्यानंतरही ते उभंच राहतं.

नियम असले म्हणजे सगळं आलबेल असतं असं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ओ पेअर मुलींनी डेन्व्हरच्या न्यायालयात संस्थांविरुद्ध दावा लावला. आठवड्याला १९५.७५ डॉलर हा किमान आकडा सगळ्या संस्थांनी संगनमताने ठरावीक पगार असल्यासारखा सांगितला, असा आरोप होता. २०१९ मध्ये १५ संस्थांनी ६५.५ दशलक्ष डॉलरवर तडजोड केली. यजमान कुटुंबांपैकी कित्येकांना आपण कायद्याप्रमाणेच देतोय असं मनापासून वाटत होतं. संस्थेने सांगितलं ते त्यांनी मानलं होतं. आपल्याकडच्या घरांनी यातून घ्यावं ते हे की संस्थेच्या शब्दावर थांबू नये, बाईला स्वतः विचारावं.

आता दोन चित्रं शेजारी ठेवा. पुण्याची मुलगी परदेशात मुलं सांभाळायला जाते तेव्हा तिचे आईवडील विचारतात: खोली कशी आहे? सुट्टी कधी? अडचण आली तर फोन कुणाला करायचा? पंढरपूर, अक्कलकोटकडची बाई स्वारगेटला उतरते तेव्हा तिच्या घरच्यांनाही हेच विचारायचं असतं. फरक एवढाच की त्यांना विचारायला जागा नसते. विचारू शकतं ते फक्त पैसे देणारं घर.

जुनी गोष्ट, लंडनची

या विषयाला इतिहास आहे आणि त्यात आपल्या बायका आहेत. इंग्रजी अमदानीत साहेबांची मुलं सांभाळणाऱ्या आया मुंबई, कलकत्ता, मद्रासहून बोटीने इंग्लंडला जायच्या. बोटीवर आठवडे न् आठवडे मुलं त्यांच्याच अंगावर. मुक्कामी पोचल्यावर कित्येकींचं काम तिथेच संपायचं, आणि परतीची सोय न लावता मडमा त्यांना सोडून द्यायच्या. अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ उभं राहिलं. १९०० पासून ते हॅकनी भागात, किंग एडवर्ड्स रोडवर होतं आणि लंडन सिटी मिशन ते चालवत असे.

इतिहासकार रोझीना व्हिसराम यांनी या बायकांचा माग काढला. त्या घराची रीत बघण्यासारखी आहे. आयेला आणणाऱ्या कुटुंबाने तिचं परतीचं तिकीट घराकडे जमा करायचं. हिंदुस्थानात निघालेल्या ज्या कुटुंबाला आया हवी असेल, त्याला ते तिकीट विकायचं आणि त्या पैशातून मधल्या काळातला तिच्या राहण्या-जेवणाचा खर्च भागवायचा. निवारा आणि ब्युरो, दोन्ही एकाच छपराखाली. आज त्या कामात कमी-जास्त काढता येईल, त्यात धर्मप्रसाराचा हेतू होता हेही खरं. तरी एक गोष्ट तिथे ठरलेली होती: काम संपलं म्हणून बाई रस्त्यावर येणार नाही. २०२२ मध्ये २६, किंग एडवर्ड्स रोडवर निळी स्मृतिपट्टिका लागली. पुण्यातल्या ब्युरोला आज साधा प्रश्न विचारावा: आमच्याकडचं काम रात्री दहाला अचानक सुटलं, तर ही बाई रात्री कुठे झोपेल?

संपाचं शहर

पुण्याला हा विषय नवा नाही. १९८० मध्ये या शहरातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला. पगारवाढ आणि हक्काची सुट्टी या त्यांच्या मागण्या होत्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, पुढे आणखीही संघटना आल्या. राज्यात झालेल्या अशा अनेक वर्षांच्या लढ्यानंतर २००८ चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ कायदा आला. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची त्यात नोंदणी होते. २०२१ च्या टाळेबंदीत नोंदणी असलेल्यांना सरकारने दीड हजार रुपये दिले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी दहा हजारांच्या सन्मानधनाची योजना आहे. पण जनता वसाहतीसारख्या वस्तीत राहून चार घरची कामं करणाऱ्या बाईला संघटना सापडते, शेजारीण सांगते, मोर्चाला नेते. चोवीस तास एका फ्लॅटमध्ये राहणारी बाई मात्र कुणाला भेटतच नाही.

आणि ब्युरोंवर नियमन? छत्तीसगडने २०१३ मध्ये खासगी प्लेसमेंट एजन्सींसाठी कायदा केला, दिल्लीने २०१४ मध्ये आदेश काढला, झारखंडने २०१६ मध्ये कायदा केला. यातल्या छत्तीसगड आणि झारखंडमधून मुली मोठ्या शहरांत नेल्या जातात, हे लक्षात घेण्यासारखं आहे. महाराष्ट्रात अशा ब्युरोंसाठी वेगळा कायदा असायला हवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांविषयीचा १८९ वा करार जून २०११ मध्ये मंजूर झाला. एजन्सीची फी कामगाराच्या पगारातून कापली जाऊ नये, असं त्याच्या पंधराव्या कलमात स्पष्ट आहे. भारताने बाजूने मत दिलं, पण कराराला मान्यता अजून दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. सूर्यकांत आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट विचारात घ्यायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. ज्या प्रकरणात हे झालं, त्यातली बाईही प्लेसमेंट एजन्सीमार्फतच आली होती.

मग ब्युरोत जाऊन काय विचारायचं?

पहिलं, पैशाचं. आम्ही दिलेल्यातले किती तिला मिळतात, ते तिच्यासमोर सांगा. जो ब्युरो हे आकडे उघड करतो त्याच्याकडे बाकीचंही बहुधा सरळ असतं. पगार तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जाईल असं ठरवा आणि कमिशन वेगळं, तुमच्या खिशातून द्या.

दुसरं, निवडीचं. ही बाई तुमच्यापर्यंत कशी आली? आधीच्या घराचा नंबर मिळेल का? फोनवर ‘बाई चांगली होती का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘बाळाला ताप होता तेव्हा तिने काय केलं’ असं विचारा, म्हणजे खरं कळतं. वयाचा पुरावा स्वतः पाहा. चौदा वर्षांखालच्या मुलीला कामावर ठेवणं गुन्हा आहेच. अठराच्या आतलीही ठेवू नका, कुणी कितीही ‘गरीब घरची आहे, पुण्य लागेल’ म्हणालं तरी.

तिसरं, शिकवण्याचं. बाळाचं खाणं, स्वच्छता, पडणं, भाजणं, घास अडकणं यांचं प्रशिक्षण दिलंय का? कुणी दिलं, किती दिवस? उत्तर ‘बाई अनुभवी आहे’ एवढंच आलं, तर ते प्रशिक्षण तुम्हाला द्यावं लागणार हे धरून चाला.

चौथं, कामावर लावल्यानंतरचं. महिन्यातून एकदा तुमचं कुणी तिच्याशी एकटीशी बोलेल का? तिने कुणाकडे तक्रार करायची? ब्युरोच्या चालकाने या प्रश्नावर चमकून पाहिलं, तर तिथून उठावं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगारही येतात आणि त्यांची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे ब्युरोला माहीत असायलाच हवं. तिची मूळ कागदपत्रं तिच्याचजवळ आहेत, याचीही खात्री करा.

मग करार. छापील पानावर पेनाने चार ओळी वाढवा: रात्री सलग झोपेचे तास, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, कामांची यादी. बाळ सांभाळायला आलेल्या बाईने पाहुण्यांच्या पोळ्याही लाटायच्या असतील, तर ते आधी लिहा आणि त्याचे पैसे द्या. वाचून दाखवा, तिची सही घ्या, तिला प्रत द्या.

घरातही थोडी तयारी लागते. रजा संपण्याच्या दुसऱ्या दिवशी बाई आणू नका. निदान दोन आठवडे आई किंवा बाबा घरात असताना तिला बाळाशी रुळू द्या. डॉक्टरांचा नंबर, औषधांचं माप, शेजारच्या काकूंचं दार, सगळं तिच्या नजरेखालून जाऊ द्या. रात्री दोनचं दूध बाबांनी पाजलं, तर कुणाचं काही बिघडत नाही. कॅमेरा लावणार असाल तर सांगून लावा आणि तिच्या झोपण्या-कपडे बदलण्याच्या जागी लावू नका. तिच्या फोनला मज्जाव करू नका, कारण तिचंही लेकरू गावी कुणाच्यातरी मांडीवर वाढतंय.

सुट्टीच्या प्रवासाचाही विचार करा. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या बसमध्ये गावी निघालेल्या एका तरुणीवर बलात्कार झाला. त्या घटनेनंतर तरी पहाटेच्या पहिल्या गाडीला बाईला एकटीला पाठवताना आपण दोनदा थांबायला हवं. दिवसाउजेडीची गाडी बघा, कुणीतरी स्टँडपर्यंत जा, पोचल्याचा फोन घ्या. आपल्या घरातल्या माणसासाठी आपण हेच करतो.

दिवाळी तोंडावर आली की चोवीस तासांच्या बाईच्या बाबतीत घराघरांत खटके उडतात. आपल्याकडे पाहुणे, तिच्याकडे पोरं वाट बघतायत. म्हणून ब्युरोत हाही प्रश्न जरूर टाका: दिवाळीला ही घरी जाणार का, आणि तेवढे दिवस तुम्ही आम्हाला काय सोय करून द्याल? ज्याच्याकडे या प्रश्नाचं तयार उत्तर आहे, बदलीची बाई ठरलेली आहे, रजेचा पगार ठरलेला आहे, त्याने बाईला माणूस धरून धंदा मांडलाय. त्याच्याकडून बाई घ्या, कमिशन थोडं जास्त पडलं तरी. बाकीच्यांना न घेण्याचं कारण तोंडावर सांगा. एका घराने सांगितलं तर ब्युरो हसेल. सातारा रस्त्यावरच्या पन्नास घरांनी सांगितलं, तर करारात ती कलमं छापून येतील, आणि राज्याने कायदा करेपर्यंत या शहराने आपल्यापुरता एक नियम घालून दिलेला असेल.